संगमावरची फेक

वाचकहो, प्रकृतीसाठी हवापालट म्हणून मुक्ताईनगरला जावे, असा सल्ला आपणांस आजवर कोणी दिला नसेल. वैशाखात येथे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, लू लागून आलेली माणसे दवाखान्याच्या बाकावर आडवी होतात, आणि दुपारी बारा ते चार या वेळेत कुत्रेसुद्धा केळीच्या बागेबाहेर पाऊल टाकीत नाही. परंतु दिवाळीनंतरचे तीन-साडेतीन महिने या तालुक्याचे रूप निराळे असते. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग स्पष्ट दिसू लागते, पहाटे नदीवर धुके उतरते, आणि चांगदेव गावाजवळ जेथे पूर्णा तापीला मिळते तेथे पाणी इतके शांत असते की पैलतीरावरील बोलणे ऐकू यावे. अशा एखाद्या सकाळी आपण सहकुटुंब तेथे यावे आणि मासेमारांची जाळ्याची फेक दोन तास स्वस्थपणे पाहावी, एवढे सुचविण्यासाठी हा लेख आहे. मी डॉक्टर असल्यामुळे खांदा, मनगट आणि रक्तातली साखर हे विषय वाटेत येतीलच. ते आपण चालवून घ्याल.

आधी जागेविषयी. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई इ. स. १२९७ मध्ये याच तापीतीरी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कोथळीचे जुने मंदिर आणि मेहूणचे स्थान त्या स्मृतीचे. आषाढीसाठी पंढरपूरला जाणारी मुक्ताईची पालखी येथूनच निघते आणि मानाच्या पालख्यांमध्ये तिची वाट फार लांबची. संगमावर काळ्या पाषाणातले चांगदेवांचे मंदिर आहे. वाघावर बसून भावंडांच्या भेटीस निघालेले आणि कोरे पत्र धाडणारे ते हेच चांगदेव; पुढे त्यांनी वयाने लहान अशा मुक्ताबाईला गुरू केले. महाशिवरात्रीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. शांतता हवी असेल त्याने ते दिवस टाळावेत.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. पूर्णा गाविलगडच्या डोंगरातून निघून वऱ्हाडची काळी माती घेऊन येते. दोघी पश्चिमवाहिनी. संगमाच्या खाली, हतनूर येथे १९८२ साली धरण पूर्ण झाले आणि तेव्हापासून चांगदेवपुढची नदी ही नदी कमी व जलाशय अधिक झाली. पाणी रुंद पसरले, प्रवाह मंदावला, आणि वऱ्हाडातून आलेला गाळ येथेच बसू लागला. हिवाळ्यात चक्रवाकांसारखे उत्तरेकडचे पाहुणे या पाण्यावर उतरतात. पक्षीनिरीक्षकांना हतनूर चांगले ठाऊक आहे. मासेमारांच्या दृष्टीने गाळाचा अर्थ वेगळा. जेथे पूर्वी वाळूवर पाय रोवून उभे राहता येई तेथे आता पाय पोटरीपर्यंत रुततो. पाय रुतला की कंबर वळत नाही, आणि कंबर वळली नाही की फेक बिघडते. हा संबंध मला एका रुग्णाने समजावून सांगितला.

साठी उलटलेले एक भोई बाबा दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा धरून माझ्याकडे आले. रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हते, सदऱ्याची बाही चढविताना डोळ्यांत पाणी येत होते. मी म्हणालो, "बाबा, काही महिने जाळे फेकू नका." ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही एकदा फेक पाहून घ्या, मग सांगा. जाळं खांद्यानं नाही फेकत, कमरेनं फेकतात." धाकटा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, मोठा केळीच्या बागेत रोजंदारीवर, घरातील रोख पैसा बाबांच्या जाळ्यावरच अवलंबून होता. पथ्य सांगण्यापूर्वी हा माणूस नेमके काय करतो ते पाहावे, असे वाटून पुढच्या रविवारी मी पहाटे संगमावर गेलो. त्यानंतर कितीदा गेलो त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

फेकजाळे, कोकणात ज्याला पाग म्हणतात, ते पसरले असता गोल असते. मध्यभागी दोरी, कडेला सर्वत्र शिशाचे मणी. दोरीचे दुसरे टोक डाव्या मनगटात. जाळ्याच्या वेटोळ्या डाव्या हातात घेतात, काही भाग कोपरावर टाकतात, उरलेली कड उजव्या हातात पसरून धरतात. मग माणूस पाण्याकडे पाठ फिरविल्यासारखा वळतो, क्षणभर थांबतो आणि परत उलगडतो. टाच, गुडघा, कटी, पाठ, खांदा आणि सर्वांत शेवटी हात, असा तो वेग चढत जातो. हात जाळ्याला ढकलीत नाहीत. गिरकी देऊन सोडतात. फिरणाऱ्या जाळ्याचे जड मणी बाहेरच्या बाजूला पळतात आणि हवेतच त्याचे ताट होते. ते ताट सपाट पडले तर पाण्यावर पावसाची एक सर पडल्यासारखा आवाज येतो. तिरपे पडले तर 'धप्' असा. बाबा डोळे मिटूनही नातवाची फेक कशी झाली ते सांगत.

नवशिक्याला दूर फेकण्याचा मोह होतो. पण थोडे गणित करू. अडीच मीटर त्रिज्येचे जाळे पूर्ण उघडले तर सुमारे २० चौरस मीटर पाणी झाकते. तेच जाळे एका बाजूने निम्मेच उघडले तर क्षेत्र निम्म्यावर, म्हणजे १० चौरस मीटरवर येते. हिसका देऊन पाच फूट पुढे टाकलेले पण केळफुलासारखे मिटलेले जाळे मासा धरीत नाही, आणि त्या हिसक्याची किंमत खांदा मोजतो. म्हणून येथे मुलांना आधी अंतर शिकवीत नाहीत. केळीच्या खांबाची एक चकती पाण्यावर सोडतात. ती तरंगते, हलत राहते. जाळे असे टाकायचे की चकती जाळ्याच्या मध्यभागी यावी. आठ-दहा फुटांवर ती जमली की दोन पावले पुढे सरकवायची. बाबांचा बारा वर्षांचा नातू त्या हिवाळ्यात दहा फुटांवरून पंधरा फुटांवर आला, आणि त्याला ते कोणत्याही परीक्षेत पास होण्याहून मोठे वाटले असावे.

गंमत अशी की जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच अभ्यास फार गंभीरपणे केला जातो. पाश्चात्य देशांत 'फ्लाय' म्हणजे पिसे आणि दोऱ्यांनी बनविलेल्या नकली किड्याने मासे धरतात. त्या किड्याला वजन जवळजवळ नसतेच. फेकली जाते ती जाड, जड दोरी, आणि किडा तिच्यामागून जातो. काठी मागे नेऊन एकदम थांबवायची, मागे दोरी सरळ होईपर्यंत वाट पाहायची, मग पुढे आणून पुन्हा थांबवायची. त्या मधल्या विरामात सारी विद्या आहे. घाई केली तर दोरी चाबकासारखी वाजते आणि पायाशी गोळा होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात १९३८ साली केवळ या सरावासाठी हौद बांधले गेले. तेथे मासे धरीत नाहीत. पाण्यावर तीस-तीस इंचांची कडी तरंगत असतात आणि माणसे गळाचे टोक नसलेला, लोकरीच्या तुकड्याएवढा किडा त्या कड्यांत टाकण्याचा प्रयत्न करतात. आपली केळीची चकती आणि त्यांचे कडे यांत मला काही अंतर दिसत नाही. सराव गवतावरही करता येतो, पण पाणी दोरीला धरून ठेवते, उचलताना काठीवर भार येतो, आणि तो भार हाताला ओळखीचा झाल्याशिवाय फेक पक्की होत नाही. जोन वुल्फ या अमेरिकन बाईंनी १९५१ साली पुरुषांबरोबरच्या लांब फेकीच्या स्पर्धेत सर्वांना मागे टाकले आणि १९६० साली १६१ फुटांपर्यंत फेक नेली. त्या काही पहिलवान नव्हत्या. आमच्याकडे जाळे फेकणे पुरुषांचे आणि बाजारात मासे विकणे बायकांचे, अशी वाटणी आहे. तिला शरीरशास्त्राचा काही आधार असल्याचे मला आढळले नाही.

आता बाबांच्या खांद्याकडे येतो, कारण तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे.

चाळिशी ते साठीच्या दरम्यान खांदा दुखू लागला की घरोघरी 'वात भरला' असे निदान होते. आपण घरच्या घरी एवढे तपासून पाहा. कोपर कुशीला चिकटवून हात काटकोनात धरा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. मग घरातील दुसऱ्या कोणी तोच हात हलकेच बाहेर फिरवून पाहावा. आपल्याला फिरविता येत नाही आणि दुसऱ्यालाही येत नाही, तर सांध्याभोवतीचे आवरण आखडले असण्याचा संभव मोठा; यालाच फ्रोजन शोल्डर म्हणतात. दुसऱ्याला हात वर नेता येतो पण आपल्याला तो तेथे टिकवता येत नाही, तर खांदा फिरविणाऱ्या स्नायूंच्या दोराला, रोटेटर कफला, इजा असू शकते. निर्णय डॉक्टरच करतील; पण या दोहोंचे उपचार वेगळे आहेत, हे आपणांस ठाऊक असावे. आखडलेल्या खांद्याला हळूहळू हलवीत ठेवावे लागते, आणि फाटलेल्या दोराला जोराचा व्यायाम दिला तर तो अधिक फाटतो.

बाबांचा खांदा आखडलेला होता. असा खांदा मधुमेह्यांमध्ये इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो. म्हणून मी साखर पाहिली. ती वाढलेली होती, आणि बाबांना त्याची वार्ताही नव्हती. खांद्याच्या निमित्ताने मधुमेह सापडणे ही माझ्या दवाखान्यातली नवलाई नव्हे. चाळिशीनंतर दुखऱ्या खांद्याबरोबर साखर तपासून घ्यावीच. दुसरी एक सूचना येथेच देतो. खांदा, विशेषतः डावा, अचानक दुखू लागला, सोबत घाम, धाप किंवा छातीत जडपणा असेल, तर शेक घेत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

फेक पाहिल्यावर मला माझे पथ्य बदलावे लागले. काठावरून, घट्ट जमिनीवर उभे राहून बाबा फेकीत तेव्हा त्यांचा हात खांद्याच्या रेषेवर जातच नसे. वेदना होत ती नावेतून फेकताना. नाव डुलते, म्हणून पाय आणि कंबर आखडून धरावे लागतात, आणि राहिलेले सारे काम खांद्यावर येते. गाळात उभे राहिले तरी तेच. शिवाय ओल्या, गवताने भरलेल्या जाळ्याची ओढ एकाच हाताने काढण्याची त्यांची सवय होती. तेव्हा नाव बंद, गाळ बंद, जाळे लहान, ओढ दोन्ही हातांनी, एवढे ठरले. साखरेची औषधे, जेवणात भाताऐवजी ज्वारीची भाकरी मोजून, सकाळी कोमट पाण्याचा शेक, वाकून हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलविणे, आणि भिंतीवर बोटांनी चढत जाणे. भिंतीवर त्यांनी कोळशाने रेघा मारल्या होत्या. पहिली रेघ छातीएवढी होती. कपाळाएवढी रेघ यायला सात महिने लागले. हा आजार वर्ष-दोन वर्षे घेतो. महिन्याभरात बरा करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. मिळकत घटली हे खरेच आहे. मोठ्या मुलाने रविवारी नाव सांभाळली, तरी त्या वर्षी घरात ओढ होती, आणि माझ्या औषधाने ती भरून निघणारी नव्हती.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट दिसली, जिच्यावर मी अधिक वाद घातला. फेकताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून जाळ्याची कड दातांत धरण्याची एक जुनी पद्धत आहे. कडेला शिशाचे मणी. फेक सुटताना शेवटी तोंड सोडायचे. नातूही तेच करीत होता. शिसे दाताखाली झिजते, लाळेतून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा अधिक शोषले जाते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असे वैद्यकशास्त्र मानीत नाही. ते रक्त कमी करते, पोटात कळा आणते, बद्धकोष्ठ करते. मोठ्यांचा रक्तदाब वाढविते, मुलांच्या बुद्धीच्या वाढीला अडथळा आणते. आणि यांतील एकही लक्षण 'मी शिशामुळे आलो' असे सांगत नाही. बाबा म्हणाले, आजोबांपासून असेच चालत आले आहे. मी म्हणालो, आजोबांच्या पोटात काय दुखत होते ते कोणी विचारले होते? ते हसले, पण पटले नव्हते. शेवटी तोडगा नातवानेच काढला. कडेला सुती दोरीचा एक बोटभर फास बांधला आणि मण्याऐवजी तो दातांत धरू लागला. घरच्या चुलीवर शिसे वितळवून मणी ओतण्याचे कामही मी बंद करविले. त्याची धूळ आणि वाफ सर्व घराने खाल्ली असती. लोखंडी साखळीची कड असलेले जाळे वापरता आले तर उत्तमच. ते न जमल्यास जाळे हाताळल्यावर भाकरीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे, एवढे तरी प्रत्येकाला करता येते.

आपण येथे येऊन स्वतः फेक शिकू इच्छित असाल तर अवश्य शिका. पन्नाशीतल्या माणसाला याहून चांगला व्यायाम सहसा सुचविता येणार नाही: पायापासून बोटांपर्यंत एकेक सांधा क्रमाने वापरावा लागतो, नजर लांबवर स्थिर करावी लागते, आणि खिशातला मोबाईल काढायला हात मोकळा राहत नाही. दोनतीन गोष्टी मात्र पाळा. रविवारी सलग दोन तास फेकण्यापेक्षा चार दिवस वीस-वीस मिनिटे फेकणे बरे. शरीर नवे कसब झोपेत पक्के करते, आणि खांद्यालाही मधली रात्र हवी असते. सोडताना श्वास रोखू नका, हलकेच सोडा. दोरीचा मनगटातला फास ओढताच सुटणारा असावा. जाळे बुडालेल्या झाडाच्या खोडात अडकले आणि पाण्याला ओढ असली तर न सुटणारी गाठ माणसाला खोल पाण्यात नेते. पावसाळ्यात, धरणाचे दरवाजे उघडतात त्या दिवसांत, येथे पाण्याच्या कडेलाही जाऊ नये. पायाला जखम असेल तर गढूळ पाण्यात उतरू नका, आणि धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल तर ती प्रवासापूर्वीच घ्या. जलाशयातील मासेमारीचे हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. म्हणून विचारल्याशिवाय पाण्यात जाळे वा गळ टाकणे योग्य नव्हे. आपण केळीच्या चकतीवर सराव करीत असाल, हाती आलेला मासा परत सोडीत असाल, तर कोणी अडविल्याचे मी पाहिलेले नाही. तुटलेली नायलॉनची तार मात्र काठावर टाकू नका. पाणपक्ष्यांच्या पायांत ती अडकते.

भुसावळ स्थानकावर उतरून वरणगावमार्गे येता येते. महामार्ग मुक्ताईनगरातूनच जातो. रात्री मुक्काम करून सूर्योदयापूर्वी संगमावर पोहोचावे. सोबत पाणी, गूळ-शेंगदाणे, आणि मधुमेही असाल तर सकाळची गोळी व न्याहारी दोन्ही. उपाशीपोटी गोळी घेऊन फेकायला उभे राहू नये. मंदिराच्या बाजूने उभे राहिलात तर ऊन पाठीवर येते आणि पाण्यावरची चकाकी डोळ्यांत जात नाही.

बाबांची साखर आता आटोक्यात आहे. उजवा हात कपाळापर्यंत जातो, टोपी घालता येते, पाठीमागे मात्र अजून पूर्ण वळत नाही. नावेतून ते फेकीत नाहीत. नाव मोठ्या मुलाकडे, नातू शाळेच्या आधी तासभर काठावर. बाबा सहा फुटांचे लहान जाळे घेऊन घाटाच्या खालच्या पायरीवर उभे राहतात आणि बारा-पंधरा फुटांच्या पलीकडे टाकत नाहीत. झिंगे, एखादा मरळ, कधी रोहूचे पिल्लू. पिल्लू ते परत सोडतात. मागच्या माघात नातीने जाळे मागितले. ती नऊ वर्षांची आहे. बाबांनी जुन्या जाळ्याचे चार फुटांचे एक छोटे जाळे करून दिले, कडेला लोखंडी साखळी लावून, आणि केळीची चकती पाच फुटांवर सोडली. तिची तिसरी फेक सरीसारखी वाजली.